गवतातला स्पीकर

मंडळी, आज सुट्टी म्हणून रूममेट इक्बालला घेऊन इकडे सौदीत दम्मामजवळच्या राखीव पाणथळीवर गेलो. थंडीची बदकं उतरलीत असं कळलं होतं.

उंच गवतातून बदकांचा आवाज येत होता. जवळ जाऊन बघतो तर स्पीकर, आणि मागे जाळं. आपलाच थवा समजून उतरलेली बदकं त्यात अडकली होती. काही मेलेली होती.

स्पीकर बंद केला, जिवंत होती ती सोडवली. पोलिसांना कळवू म्हटलं तर इक्बाल म्हणाला, "नको. कंपनीने माझा इकामा बनवलाच नाही. राहायचा परवानाच नाही म्हणून मलाच धरतील."

परतताना गाडीत म्हणाला, "मला पण गावच्याच माणसाने बोलावलेलं. फोनवर आपली बोली ऐकली नि आलो."

तुम्हाला इकडे कोणी बोलावलं होतं?