केदारखेड्याच्या पुढे, कडुनिंबाखाली

देव मानता का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सरळ उत्तर देता आलं नसतं. रोज सकाळी देवापुढे उदबत्ती लावत होतो, पण ती सुमनसाठी. माझ्या पत्नीला लग्नानंतर बाराव्या वर्षी मज्जातंतूंचा आजार जडला. हिवाळ्यात ती बरी असे. घरभर फिरे, माझ्यावर रागावे. उन्हाळा लागला की मात्र पायांतली ताकद जाई, डोळ्यांपुढे धूसर होई. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना उष्णता बिलकुल चालायची नाही. म्हणून मी जुनी का होईना, एसी असलेली गाडी घेतली. खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझा भरवसा देवापेक्षा त्या एसीवर जास्त होता.

त्या मे महिन्यात सुमनच्या आईला बघायला आम्ही धावड्याला गेलो होतो. ऊन चढायच्या आत जालन्याला परतायचं ठरलं होतं. पण लेक आली म्हटल्यावर गल्लीतल्या बायका एकेक करून भेटायला आल्या. कुणी कुरडया आणल्या, कुणी लोणचं, आणि सुमनला कुणालाच लवकर निरोप देववेना. निघायला अकरा वाजले. वाटेत राजूरला गणपतीचं दर्शन घ्यायचं तिच्या मनात होतं. "या उन्हात?" मी चिडून म्हणालो. "गाडी गारच हाय ना," ती म्हणाली. "टेकडीच्या पायथ्याशी थांबवा, मी खालूनच हात जोडीन."

केदारखेड्याच्या पुढे रस्ता उखडलेला होता. गाडी बैलगाडीच्या चालीनं न्यावी लागत होती, आणि तिथेच एसीतून कोमट हवा यायला लागली. थोड्या वेळात चक्क गरम. काचा खाली केल्या तर भट्टीची झळ यावी तसा वारा आत आला. एका कडुनिंबाखाली गाडी थांबवून मी बॉनेट उघडलं. बघण्यापलीकडे मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"अहो, डावा पाय हलंना," सुमन हळूच म्हणाली. मग माझा चेहरा ओळखून म्हणाली, "घाबरू नका. होईल काहीतरी."

"कोण करणार आहे? तुझा गणपती?" मी खेकसलो.

तिनं चाचपडत माझा हात शोधला, कारण तो तिला नीट दिसत नव्हता. त्या क्षणी मला स्वतःची एवढी लाज वाटली, की मी तिथेच मातीत बसलो. प्रार्थना म्हणून काही केली नाही. फक्त, आता माझ्याच्यानं होत नाही, एवढंच मनात आलं.

रस्त्यापलीकडच्या वस्तीवरून एक वयस्क मावशी डोक्यावर घागर आणि हातात तांब्या घेऊन आल्या. काही न विचारता त्यांनी आपला पदर भिजवून सुमनच्या मानेवर ठेवला, तिच्या पायांवर पाणी घातलं. तेवढ्यात भोकरदनकडे चाललेला एक मोपेडवाला थांबला. त्याच्या पिशवीतून पकडी आणि तांब्याच्या नळ्या बाहेर डोकावत होत्या. तो फ्रिज दुरुस्त करणारा निघाला. "कामावर गेल्तो, तर मालकच घरी न्हाई," तो म्हणाला. "फुकट चक्कर झाली म्हून चिडून राह्यलो होतो."

त्यानं मला गाडी चालू करायला लावली, नळ्यांना हात लावून पाहिला आणि पुढे वाकला. "गॅस बराबर हाय. म्होरचा पंखा फिरंना. वायर उंदरानं कुरतडली बघा."

त्या अवस्थेतही सुमनला हसू फुटलं. "बघा, गणपतीनं आधी आपलं वाहन पाठवलं!"

त्यानं इंजिन बंद करायला लावलं, वायर जोडून वर टेप गुंडाळली. पण पुढची जाळी धूळ आणि भुश्शानं गच्च भरली होती. ती धुतल्याशिवाय गार हवा येणार नव्हती. मी घागरीकडे पाहिलं आणि नजर वळवली. मेमधलं पाणी कुठून कसं आणावं लागतं हे काय मला माहीत नव्हतं!

"मंग बघत काय बसले? वता," मावशी म्हणाल्या.

"पियाचं पानी हाय, मावशी," तो म्हणाला.

"जिवासाठीच हाय ना? वता जल्दी."

जाळी थंड झाल्यावर त्यानं तांब्यातांब्यानं ती धुतली. मी गाडी सुरू केली. पंखा घुमला, आणि थोड्या वेळानं सुमनच्या चेहऱ्यावर गार झुळूक आली. तिनं डोळे मिटले. मी बाहेर तोंड करून रडलो. तो माणूस काही घ्यायला तयार होईना. आम्ही दर्शनाला निघालोय, हे सुमननं त्याला सांगितलं. "राजूरला चालले ना, मंग माझ्याबी वाटचा नमस्कार करा," म्हणाला आणि निघून गेला.

राजूरला पोहोचेपर्यंत सुमनच्या पायात जीव आला होता. आम्ही पायथ्यावरूनच हात जोडले. एरवी माझ्या मनात मागण्यांची यादी तयार असे. त्या दुपारी एकही आठवेना.

सुमनचा आजार गेला नाही. पण तिला सांभाळणारा मी एकटाच आहे, हा माझा अहंकार तिथे गळून पडला, आणि तेव्हापासून ओझं हलकं झालं. दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम त्या वस्तीवर गेलो. सुमननं मावशींसाठी साडी नेली होती. त्यांना आम्ही आठवलोच नाही. "पानी तं येनाऱ्या-जानाऱ्याला देतच असते बाई," त्या संकोचून म्हणाल्या. मग सुमनचा हात धरून आत घेऊन गेल्या, आणि आमच्यापुढे गरम भाकरी वाढली.