हुबेहूब खोली

माझा दादा आयुष्यभर खोट्या खोल्या बांधत आला. नाटकाच्या थिएटरात सुतार होता तो. लाकडी चौकटी ठोकायच्या, त्यांवर कापड ताणायचं, रंग मारायचा, की झाली भिंत. त्याच्या जिन्यावरून ऐटीत वर गेलेली नटी मागच्या बाजूने शिडी धरून खाली उतरायची. पण समोर बसलेल्याला कळायची बिशाद नव्हती. एकदा त्याने भिंतीवर पाल रंगवली, तर थिएटरच्या मालकांनी झाडू देऊन माणूस पाठवला तिला हाकलायला. हा किस्सा मी निदान शंभरदा ऐकला असेन, आणि दर वेळी पाल थोडी लांब व्हायची.

वहिनीला दिसत नाही. लग्न होऊन आली तेव्हा जाड चष्म्यावर भागत होतं, मग वर्षागणिक अंधारत गेलं आणि एक दिवस चष्मा कपाटात गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. जुन्या इमारतीत आम्ही वरच्या खोलीत, ती दोघं बरोबर आमच्या खाली. एकच खोली, त्यातच ओटा, पलंग, कपाट आणि कोपऱ्यात न्हाणी. दादाने टेबलाचे कोपरे घासून गोल केले होते, बाकी काही सोय नव्हती. तरी वहिनी त्या खोलीत अशी वावरायची, की नव्या पाहुण्याला अर्धा तास पत्ता लागत नसे. काठी तिने कधी हातात धरली नाही. जिना उतरून वाण्याकडे एकटी जायची. नुसता तराजूचा आवाज ऐकून ‘पुन्हा वजन कर’ म्हणणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

मग थिएटर बंद पडलं. त्यातच घरमालकाने भाडं असं वाढवलं की दादाचा आ वासला तो मिटेचना. आम्ही टिकलो, कारण माझ्या नवऱ्याची नोकरी टिकली आणि मी दिवसभर शिलाई मशीन बडवते. दादाचा एक जुना जोडीदार, पडदे रंगवणारा, आधीच दुसऱ्या शहरात जाऊन राहिला होता. त्याने दादाच्या डोक्यात भरवलं.

“अगं, इथल्या एका खोलीच्या भाड्यात तिथं तीन खोल्या मिळतात,” दादा मला सांगायला लागला. “वर बाल्कनी. भाजी स्वस्त, दूध स्वस्त.”

“वहिनीला विचारलंस का?”

“तिला काय विचारायचं? मोठं घर कुणाला नको असतं?”

मला राग आला. वहिनीला मी विचारलं, तर म्हणाली, “हे जातील तिथं मी.” असल्या उत्तराचा मला भारी संताप येतो. पण दादाजवळ दुसरा मार्ग नव्हता हेही खरंच होतं. नुसत्या रागाने कुणाचं भाडं भागत नाही.

गेली दोघं. सुरुवातीला दादाचा फोन म्हणजे नुसती जाहिरात. हवा काय, पाणी काय, खोलीत क्रिकेट खेळता येईल. त्याला काम मिळालं फर्निचरच्या दुकानात. कारखान्यातून आलेल्या फळ्या गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन स्क्रूने जोडायच्या. रंधा नाही, पटाशी नाही. “माकडालाही जमेल,” असं म्हणून हसला, पण हसू काही खरं नव्हतं. वहिनी फोनवर यायची ती “बरं आहे” म्हणून फोन परत द्यायची.

पुढे एकदा दादाने फोनवर सगळं सांगितलं. एका संध्याकाळी घरी आला, तर वहिनी पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेली. बाथरूम शोधायला उठली होती आणि तीन खोल्यांत तिची दिशाच हरवली. कधीपासून बसली होती ते सांगेना. कपडे भिजलेले होते. त्या दिवसापासून तिने दिवसा पाणी पिणंच सोडलं, म्हणजे उठायला नको. दादा रोज दुपारी सायकल मारत घरी यायचा, तिला जेवायला घालायचा, बाथरूमपर्यंत न्यायचा आणि धापा टाकत परत जायचा. दुकानाचा मालक पगार कापायचा तो वेगळाच.

“घर मोठं झालं आणि ती एका खुर्चीवर आली गं,” दादा म्हणाला. मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

मग काही दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज एकदम थिएटरातला.

“एक काम कर. टेप घेऊन आमच्या खोलीत जा. बाकी सगळी मापं माझ्या डोक्यात आहेत. खिडकीची तेवढी उंची हवी, जमिनीपासून.”

त्याने काय ठरवलंय ते मला लगेच कळलं. त्या खोलीत आता दोन नोकरी करणाऱ्या मुली राहतात, रात्रपाळीच्या. दुपारी दार वाजवलं म्हणून डोळे चोळत, कपाळाला आठ्या घालून त्यांनी मला आत घेतलं. मी माप घेतलं. जुन्या ओट्यावर त्यांची पुस्तकं होती.

महिनाभराने दादाचा फोन. नव्या घराच्या हॉलमध्ये त्याने जुनी खोली उभी केली होती. तोच पलंग, तेवढ्याच अंतरावर ओटा, तेच कपाट, तीच खिडकी, न्हाणीच्या कोपऱ्यात बाथरूमकडे उघडणारं दार. “हुबेहूब!” तो म्हणाला. “पहिल्यासारखी झाली बघ ती. स्वयंपाक, झाडलोट, सगळं एकटी करते. आता दुपारी यावंही लागत नाही.” त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले, पण आनंदाने. म्हटलं, माझा भाऊ म्हणजे भाऊच.

मग मी भेटायला गेले. संध्याकाळी येते म्हणून कळवलं होतं, पण आधीची बस मिळाली आणि भर दुपारी पोहोचले. दादा बाहेरून कुलूप लावून जातो आणि दुसरी किल्ली खाली वॉचमनकडे ठेवतो. ती घेऊन मी दार उघडलं.

हॉलमध्ये प्लायवूडची एक मोठी पेटी उभी होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता, जोरजोरात. मी आत डोकावले. वहिनी ओट्याशी उभी राहून रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत होती. शेगडी पेटलेली नव्हती. दरवाजाकडे तोंड करून तिने हसरा चेहरा केला होता.

“आज लवकर आलात?”

“मी आहे गं, वहिनी.”

तिचा हात थांबला. हसू गेलं. डाव खाली ठेवून ती चाचपडत पलंगाशी गेली आणि बसली. जुन्या खोलीत मी तिला कधीही चाचपडताना पाहिलं नव्हतं.

मी खोलीवरून नजर फिरवली. सगळं होतं. कॅलेंडरचा खिळा होता. कपाटामागचा तडा होता. कोपऱ्यात वरच्या बाजूला ओलीचा डाग होता, पसरट, कडेला पिवळसर. मी बोट लावून पाहिलं. रंग. जिला दिसत नाही तिच्यासाठी माझ्या भावाने भिंतीवर ओलीचा डाग रंगवला होता. मी दिलेल्या उंचीवर खिडकी होती. ती उघडली, तर वीतभर अंतरावर घराची खरी भिंत.

“दिवसभर हे असंच चालतं?” मी विचारलं.

“ते असले की मी खरंच करते. त्यांच्या खोकण्यावरून, चालण्यावरून मला अंदाज येतो. ते गेले की बसूनच. आता कुलूप वाजलं म्हणून उठले.” तिने उशीखालून टोस्टचा पुडा काढून परत ठेवला. ते तिचं दुपारचं जेवण.

“पण मापं तर बरोबर आहेत.”

“अगदी बरोबर आहेत. पण मी काय मापं मोजत चालत होते का गं? तुझं मशीन असायचं डोक्यावर. खाली इस्त्रीवाला इस्त्री आपटायचा. शेजारची नळ सोडायची. त्यावरून कळायचं मी कुठं आहे ते. इथं काहीच ऐकू येत नाही.”

“मग रेडिओ लावून ठेव.”

“रेडिओ लावला होता. वाट सापडत नाही म्हणून बसत नाही मी. वाट शिकले असते. पण दिवसभर कुणी हाक मारत नाही. उठून जायचं कुठं? कुणाकडे?”

मी चिडून म्हटलं, “दादाला सांगते सगळं.”

तिने माझं मनगट घट्ट धरलं. “नाही सांगायचं. दुपारच्या फेऱ्या थांबल्या तेव्हा कुठं त्यांचा पगार पूर्ण मिळायला लागला. आणि जेवताना ते बोलायला लागलेत. परवा पालीची गोष्ट सांगितली.”

“माझ्याकडे चल मग.”

“तुझ्या एका खोलीत तुम्ही पाच जण. आणि हे इथं एकटे राहतील? वेडी आहेस.”

मी भात टाकला. ती पोटभर जेवली, दोन ग्लास पाणी प्यायली, मग मी तिला धरून बाथरूमला नेलं. थोड्या वेळाने ती लाजत म्हणाली, “जरा मशीनसारखं कर ना.” मी पलंगावर उभी राहिले आणि प्लायवूडवर, जमेल तितक्या वर, बोटांनी ताल धरला. धावतं मशीन, मग दोरा तुटल्यावर थांबतं तसं थांबणं, मग परत धावणं. ती उठली आणि हात पुढे न करता सरळ ओट्याशी गेली. तिथून कपाटाकडे, तिथून खिडकीशी. माझी बोटं दुखेपर्यंत ती चालत होती.

संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली. वहिनीने पदर सारखा केला, शेगडी पेटवली आणि चेहऱ्यावर ते दुपारचं हसू आणलं. दादा आत आला. वाळला होता, पण डोळे चमकत होते. मला पाहून तो दारातच थांबला आणि हाताने सगळी खोली दाखवली.

“बघितलंस? सांग आता, कशी जमलीय?”

वहिनीची पाठ आमच्याकडे होती. तिचा हात पातेल्यावर थांबला.

“हुबेहूब,” मी म्हटलं. “डागसुद्धा.”

“डाग बघितलास ना!” तो लहान पोरासारखा खूश झाला. मग जेवताना त्याने पालीची गोष्ट सांगितली. पाल आता हातभर झालीय.

दुसऱ्या दिवशी मी परत आले. खालच्या मुली जिन्यातच भेटल्या. चांगल्या आहेत पोरी, बोलायला अदबशीर. म्हणाल्या, “काकू, रागावू नका, पण दुपारी मशीन बंद ठेवता का? आवाज बरोबर डोक्यावर येतो.”

ठेवते मी बंद. दुपारी मशीनसमोर नुसती बसते आणि वहिनीने आज पाणी प्यायलं असेल का याचा विचार करते.