मामांचा एका गाण्याचा अल्बम

आपलं गाणं लवकरात लवकर खोटं ठरावं म्हणून जीव तोडून गाणारा गायक अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा रोह्याचा मामा आहे. कुवेतहून परतलेल्या एका दोस्ताने दिलेली गिटार गळ्यात अडकवून मामा तीसेक वर्षं गात आले. त्या प्रकाराला ते रॉक म्हणतात, मामी कटकट म्हणतात. "अवो, जरा हळू. शेजारी माणसं हायत," हे मामींचं वाक्य मी लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा ऐकलं आणि पुढे प्रत्येक भेटीत ऐकलं.

मामांच्या गाण्यात चंद्र नाही, प्रेयसी नाही. कोलाडच्या वाटेवरचा खड्डा आहे, कोरडा नळ आहे. एका हळदीला त्यांनी नळाचं गाणं असं काही उचललं की वऱ्हाड तासभर नाचलं. सगळ्यांत पुढे नाचत होता तो ज्याच्याकडे नळाचं काम रखडलं होतं तोच पंचायतीचा सदस्य. आपण कशावर नाचलो हे त्याला दुसऱ्या दिवशी गावाने सांगितलं, आणि त्याच आठवड्यात नळाला पाणी आलं. मामांनी पहिला हंडा स्वतः भरला आणि ते गाणं कायमचं बंद केलं. "पाणी येतंय नि मी 'नाय येत' म्हणून गाऊ? मी गायक हाय, पुढारी नाय."

मामांना स्वतःचा अल्बम काढायचा होता, पण या तत्त्वापायी तो काही होईना. आठ-नऊ गाणी जमली की तीन-चार खोटी ठरायची. खड्डा बुजला तेव्हा मामा पेढे घेऊन पेणला आमच्याकडे आले आणि तोंडात पेढा असतानाच म्हणाले की सगळ्यांत चांगली चाल हातची गेली. गाणं अजून खरं आहे का याच्या खातरजमेचं काम माझ्याकडे, कारण मोजल्याशिवाय मी काही बोलत नाही हे सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझे कित्येक रविवार मामांचे खड्डे तपासण्यात गेले.

मग मामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर जिवाला धोका नाही, आवाजाची मात्र खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी लगेच पेणमधला एक स्टुडिओ ठरवला. तिथे एरवी आरत्या आणि भाजीच्या टेम्पोवरच्या आरोळ्या रेकॉर्ड होतात. तोवर खरं उरलेलं गाणं एकच होतं: डोलवीच्या कारखान्याबाहेरच्या बस थांब्यावर शिफ्ट सुटल्यावर पावसात उभ्या राहणाऱ्या कंत्राटी कामगारांचं. आणि स्टुडिओत येताना वाटेतच मामांना दिसलं की त्या थांब्यावर नवाकोरा पत्रा चढलाय.

त्यांनी गिटार पिशवीतून काढलीच नाही. ढोलकीवाला समजावून थकला. मामी कोपऱ्यात बसल्या होत्या. मी रेनकोट चढवला, मोटारसायकल काढली, डोलवीला शिफ्ट सुटेपर्यंत थांबलो आणि निथळत परत आलो.

"मामा, पत्र्याखाली निम्मी माणसं मावतात. निम्मी अजून भिजतायत."

"मोजलीत?"

"दोनदा."

मामांनी गिटार काढली. "मग निम्म्यांसाठी गातो."

गायले असे की स्टुडिओची काच थरथरली. मामी एकदाही हळू म्हणाल्या नाहीत.

आता मामा ठणठणीत आहेत, फक्त कुजबुजतात. यंदा थांब्याचा पत्रा वाढवला, तेव्हा पुन्हा पेढे आले. मामा आनंदाने नुसते फुलले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावई, ते पण खोटं झालं. तुमच्याकडचं रेकॉर्डिंग पुसून टाका." मी सरळ नाही म्हटलं. "मग निदान कोणाला ऐकवू नका." तेवढं मी कबूल केलं आणि एक माणूस सोडून ते पाळतो.

महिन्या-दोन महिन्यांनी मामी पोहे घ्यायला म्हणून एकट्याच पेणला येतात. पोहे रोह्यातही मिळतात. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग त्या गाणं लावायला सांगतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी आवाज बेताचा ठेवतो.

"जावई," मामी म्हणतात, "मोठ्यानं लावा."