धडधाकट पायाचे प्लास्टर

मन्सूरा, मंगळवार, १७ मे २०२२. गॅसचा सिलिंडर बदलला. भेंडी कोवळी मिळाली. सकाळी मुहसिनने ओळखीच्या डॉक्टरकडून रग़दाच्या डाव्या पायाला प्लास्टर घालून आणले. पाय धडधाकट आहे.

रोजनिशीतले हे शेवटचे वाक्य लिहिताना विदादबाईंनी पेन इतके दाबले, की पुढच्या पानावर वण उठला.

त्यांच्या नातीला, रग़दाला, फेफरे येत होते. विद्यापीठाच्या जिन्यावर ती दोनदा कोसळली होती. डॉक्टरांनी बजावले होते, औषध लागू पडेपर्यंत जागरण नको, परीक्षा नको, यंदा आजारपणाची रजाच घ्या. पण कारण बाहेर फुटले तर ठरलेले लग्न मोडेल, म्हणून तिच्या बापाने, मुहसिनने, मोडक्या पायाचा दाखला मिळवला.

"फेफरं म्हटलं की संपलं, आई," मुहसिन म्हणाला. "पाय काय, कुणाचाही मोडतो."

"हिचा मोडलेला नाही."

"तुला शाळेत नन्सनी शिकवलं खरं बोलायला. त्यांना कुठे लेकी उजवायच्या होत्या?"

संध्याकाळी होणारी व्याहीण, इन्साफ, हाड लवकर सांधावे म्हणून गाईच्या पायांचे सूप घेऊन आली. प्लास्टरवर थापटत म्हणाली, "लग्नात नाचायचंय हं, सूनबाई." रग़दा मान खाली घालून सगळे सूप प्यायली. विदादबाईंना ते बघवेना. उठून त्यांनी उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

बुधवारी तिघे विद्यापीठाच्या वैद्यकीय समितीपुढे गेले. डॉक्टरबाईंनी दाखला वाचला.

"पाय मोडलाय. हात चांगले आहेत ना? मग तळमजल्यावर वेगळं बसवू. शनिवारी पहिला पेपर. एवढ्यासाठी वर्षाची रजा मिळत नाही."

मुहसिनने कपाळ पुसले. "तिला फार वेळ बसवत नाही, मॅडम."

"बसायला पाय कशाला लागतो?"

तो मुलीकडे वळून म्हणाला, "चल. दे परीक्षा. होईल सगळं."

विदादबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि पेपर लिहिता लिहिता कोसळली तर? तेव्हा काय मोडलं म्हणून सांगशील?"

"आई, दार उघडं आहे. हळू बोल."

"मला फेफरं येतं," रग़दा म्हणाली. ती मात्र हळू बोलली नाही. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आणि हा पाय?"

"बरा आहे."

"हा दाखला मी पाहिलाच नाही असं समजते. उद्या सकाळी प्लास्टर काढून, खरे कागद घेऊन या. रजा देते."

टॅक्सीत बसल्या बसल्या मुहसिन म्हणाला, "आता इन्साफला काय सांगू?"

"सूप चांगलं होतं म्हणावं. आणि सांग, माझ्या नातीला फेफरं येतं, ती औषध घेते, पुढच्या वर्षी परीक्षा देईल. तिच्या आजाराची लाज वाटते तुला, आणि खोटा दाखला नाचवताना वाटली नाही?"

"मुलगा नको म्हणाला तर?"

"तर नको म्हणू दे, बाबा," रग़दा म्हणाली आणि आजीकडे वळली. "तेता, आधी हे काढ. खाज सुटलीय."

त्या संध्याकाळी विदादबाईंनी लिहिले: प्लास्टर कोमट पाण्यात भिजवून कापले. शिवणाची कात्री बोथट झाली. धार लावायला द्यायची.