गिरणीवाल्या बाईंची ढेकी

बाई बसलेल्या असल्या तरी त्यांचा उजवा पाय कधी बसलेला नसायचा. ओसरीतल्या बाजेवर पाय खाली सोडून त्या पानाला चुना लावत, आणि तो पाय आपला जमीन दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तब्येत कशी आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय सांगू भाऊ, बसून राह्यली."

सन पन्नासनंतरची ती वर्षं. मी वडशाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाईंच्या घरच्या बायका दवाखान्याची पायरी चढत नसत, म्हणून दर आठवड्याला मीच औषधाची बाटली घेऊन जायचो. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सारं गाव त्यांना गिरणीवाल्या बाई म्हणायचं.

माहेर सावलीकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरी गिरणी नव्हती, मागच्या पडवीत ढेकी होती. लांबलचक सागाचं लाकूड, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकाला बाईमाणसाचा पाय. पहाटे उठून त्या घरापुरतं धान कांडत. तेव्हा त्या काडीसारख्या होत्या, असं त्यांची म्हातारी मोलकरीण सांगे. मग मालकांनी स्टेशनाजवळ धानाची गिरणी टाकली. गिरणीवाल्याच्या बायकोनं कांडायचं नाही, असं आधी ठरलं. पुढे पाणी भरायचं नाही, आणि होता होता चालायचंसुद्धा नाही. देऊळ दोनशे पावलांवर, पण तेवढ्यासाठी दमणी जुंपायचे. बैल जुंपून होईपर्यंत बाकीच्या बाया आरती करून परत येत.

गिरणीच्या पांढऱ्याफेक भातावर तुपाची धार आली. पाहुणे पेढे आणत, आणि नको म्हटलं तर त्यांचा अपमान. आमच्या झाडीपट्टीत अंगावरचं मांस ही घराची बरकत समजत. बाजाराच्या दिवशी जंगलातून मोळ्या घेऊन येणाऱ्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा बाया फाटकाशी थांबून बाईंना डोळे भरून पाहत. "कोन्या जन्माचं पुन्य हाय," म्हणत. त्या मोळीवाल्यांनाही मी ताकदीचं लाल औषध द्यायचो आणि बाईंनाही तेच.

पुढे बाईंना दम लागू लागला, पाय सुजू लागले. डॉक्टर स्वतः घरी आले. तूप तोडा, रोज चालवा, असं मालकांना सांगून गेले. मालकांनी हात जोडून ऐकून घेतलं. डॉक्टरांची पाठ वळल्यावर मला म्हणाले, "घरची लक्ष्मी पायी फिराले लागली तं लोक म्हनतीन, गिरणी बसली."

एकदा मी गेलो तेव्हा ओसरीत कोणी नव्हतं. बाईंनी आवाज खाली आणला.

"कंपाउंडरभाऊ, मले कागदावर लिहून द्या. रोज सकाळी पायलीभर धान कांडाचं, हे औषध हाय म्हनून. डॉक्टरचं तोंडचं नाई ऐकत हे, कागदाले नाई म्हननार नाईत."

मला हसू आलं. बाई, औषध बाटलीत असतं, ढेकीत नाही, असं काहीतरी मी बोललो. त्याही हसल्या. पाय मात्र थांबला होता, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कागद तर मी दिला नाहीच, वर तोंडही आवरलं नाही. संध्याकाळी स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात तो किस्सा रंगवून सांगितला. एवढ्या मोठ्या घरची बाई कांडप मागते म्हटल्यावर लोक पोट धरून हसले. हसणं गिरणीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

मालक वाईट नव्हते. बायकोवर त्यांचा जीव होता. आठ दिवसांत त्यांनी सुतार लावून ढेकी कापून घेतली आणि तिच्याच लाकडाचा बाईंसाठी रुंद, दणकट बाक केला, कारण त्यांच्या वजनानं बाजेची सुंभं सारखी तुटत. मला कौतुकानं दाखवत म्हणाले, "सागाचं हाय. आता तुटत नाई."

बाई त्या बाकावर बसल्या होत्या. बाक उंच झाला होता. पाय जमिनीला पोचत नव्हता. तरी तो हवेतच दाबत होता, सोडत होता. सवयीनं मी तब्येत विचारली. नेहमीचं उत्तर आलं नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "म्या तुमाले सांगतलं होतं, लोकाले नाई."

मी बाटली ठेवली आणि निघालो. त्या दिवशी जी लाज वाटली ती आजही गेलेली नाही.

पुढच्या वर्षी धानाची मळणी चालू असताना बाई गेल्या. माणसं घडीघडी खांदा बदलत होती, आणि काय भाग्याचा देह, असं म्हणत होती. मीही खांदा दिला.

घाटावरून परतल्यावर आम्ही ओसरीत टेकलो. बाकावर कोणी बसलं नाही. मी पहिल्यांदाच तो जवळून पाहिला. सुतारानं सगळ्या लाकडावर रंधा मारला होता, पण एका टोकाला झीज फार खोल होती, ती तशीच राहिली होती. मी तिथे हात ठेवला. एका पायापुरता गुळगुळीत खळगा होता.