थांबायला सवड

युरोपला पहिल्यांदाच जायचं तर टूरबरोबर जावं, असं माझं म्हणणं होतं. जेवण आपलं, बस दाराशी, भाषेची भानगड नाही. माझी बायको सुनंदा मात्र ‘आपण दोघंच जाऊ’ म्हणायची आणि कारण विचारलं की विषय बदलायची.

काल संध्याकाळी आम्ही भाजीला निघालो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मी हळू चालतो. ती पुढे गेली आणि साडीच्या दुकानासमोर उभी राहिली. मी पोचलो तशी निघाली. मग भांड्यांच्या दुकानापाशी थांबली. पुढे टायरच्या दुकानासमोरही ती टायर न्याहाळू लागली, तेव्हा मला हसू आलं.

“टायर घ्यायचेत का?”

ती लाजली. “टूरमध्ये सगळे झपाझप पुढे जातात हो. तिथे मला असं थांबता येईल का?”

मी आपला समजत होतो, हिला दुकानं बघायची हौस लागली आहे. आपल्याला कळूही न देता कुणी आपली वाट बघावी, याहून मोठी सोबत कुठली?

“बरं, दोघंच जाऊ,” मी म्हटलं. “एखादं शहर कमी बघू.”

“दोन कमी बघू,” ती म्हणाली.