फटींवरची टेप
गणपतीच्या मखरासाठी चिकटपट्टीचं नवं बंडल उघडलं आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी गुरुग्रामपलीकडच्या ट्रॅकवर आम्ही एका नव्या गाडीला हवा किती अडवते ते मोजत होतो. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ती आपोआप किती लांब जाते ते पाहायचं. मायलेजचा हिशेब त्यावरच. बॉनेट आणि दारांच्या फटी कमी केल्या तर किती फरक पडेल हे दाखवायला मी त्यांवर टेप लावून एक जादा फेरी घेतली. मे महिन्याचं ऊन, टेपचा डिंक वितळून बोटांना लागत होता. गाडी खरंच बरीच लांब गेली. साहेब खूश झाले, "बस, यही रीडिंग भेजो." मी म्हटलं, "सर, कस्टमर को टेप लगाके देंगे क्या?" साहेब पुण्याचेच, लगेच मराठीवर आले, "अगं, सगळेच करतात. मनाला काय लावून घेतेस!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळी टेप ओरबाडून काढली आणि तिचा गोळा त्यांच्यासमोर आपटला. आठवड्याभरात मला त्या कामावरून काढलं आणि जाहीर मायलेज ठरवायला टेपवालाच आकडा पुढे गेला. आज त्याच मॉडेलची शेजाऱ्यांची गाडी आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत उभी असते. मखर बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "मायलेज बिल्कुल नहीं देती. ये कहते हैं, तुम्हें ही चलानी नहीं आती."